हवामान केंद्राचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? आधी उडालेला फ्यूज नीट बघा

द्राक्षबागेतलं हवामान केंद्र बंद पडलं की मला येणारे बरेच फोन एकाच छापाचे असतात. "फ्यूज बदलला, दोन दिवस चाललं, परत उडाला. आता जरा मोठा टाकू का?" मोठा टाकायचा नाही. तार तर अजिबात बांधायची नाही. त्याचं कारण पुढे आकड्यानिशी देतो.

फ्यूज एकदा उडाला तर नवा लावून बघायला हरकत नाही. आतली तार रोज तापून-निवून थकते आणि कधीकधी फ्यूज निव्वळ वयाने जातो. पण त्याच जागेवर दुसराही उडाला, की तिसरा लावण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: उडालेला फ्यूज दिसतो कसा, आणि तो उडाला कधी. बहुतेक दोष एवढ्यावरच निम्मे उलगडतात. मल्टिमीटर त्यानंतर हातात घ्यायचा.

हे सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि छोट्या सोलर पॅनेलवर चालणाऱ्या, शेतकऱ्याच्या स्वतःच्या केंद्राबद्दल आहे. लॉगर (नोंदी साठवणारा), मोडेम (त्या पाठवणारा), तापमान-आर्द्रता, लीफ वेटनेस (पानाचा ओलेपणा), जमिनीतला ओलावा, वारा, पाऊस असा नेहमीचा संच. निफाड-दिंडोरीकडचा असो की तासगाव-पलूसकडचा, डब्यातली मांडणी फारशी बदलत नाही. महसूल मंडळाच्या केंद्राला मात्र हात लावू नका. हवामान आधारित फळपीक विम्याचं गणित तिथल्या नोंदींवर चालतं. ते बंद दिसलं तर कळवायचं आणि बाजूला व्हायचं.

डबा उघडल्यावर

आधी पॅनेलची वायर सोडवा, मग बॅटरीची. लावताना उलट: आधी बॅटरी, मग पॅनेल. हा क्रम उगाच सांगितलेला नाही. ३६ सेलच्या '१२ व्होल्ट' पॅनेलचं उन्हात मोकळं व्होल्टेज २१-२२ पर्यंत जातं. बॅटरी जोडलेली असते तोवर ती ते दाबून धरते. बॅटरी काढली आणि पॅनेल तसंच राहिलं, तर काही साध्या चार्ज कंट्रोलरमधून (पॅनेलकडून बॅटरी भरणाऱ्या डबीतून) ते व्होल्टेज थेट लॉगरकडे जातं. मग संरक्षणाचा डायोड ते अंगावर घेतो आणि फ्यूज उडतो. दुरुस्तीला गेलेला माणूसच असा नवा दोष लावून येतो. पॅनेलची वायर सहज सुटत नसेल तर पॅनेलवर पोतं टाका, तेवढं पुरतं.

हातातलं कडं, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. ७ अँपिअर-अवरची बॅटरी दिसायला छोटी असली तरी पाना दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला तर क्षणात शंभराहून जास्त अँपिअर ओढले जातात. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचं आभाळ भरून आलं असेल तर लोखंडी खांबापाशी उभं राहून काम करायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या, जवळपास वीज पडत असेल तर ते कळवतं.

उडालेला फ्यूज काय सांगतो

काचेचा फ्यूज काढा आणि आभाळाकडे धरून बघा.

काच स्वच्छ आहे, तार मधोमध तुटली आहे आणि तुटलेल्या टोकांना बारीक गोळे आलेत? मग करंट क्षमतेपेक्षा थोडासाच जास्त होता, पण बराच वेळ होता. इथे शॉर्ट शोधत बसण्यात अर्थ नाही. मोडेम, कमजोर बॅटरी किंवा चुकीचा फ्यूज यांपैकी कुणीतरी आहे.

काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी झाली असेल तर तारेची वाफ होऊन ती काचेला चिकटली आहे. हा सरळ शॉर्ट. दुसरा लावलात तर तोही त्याच क्षणी जाणार, तेव्हा फ्यूज वाया घालवू नका.

तिसरा प्रकार लोकांना गोंधळात टाकतो. तार अख्खी दिसते, पण मीटर काही दाखवत नाही. किंवा तार बरोबर टोकाच्या धातूच्या टोपीपाशी सुटलेली असते. इथे करंटचा दोष कमी आणि होल्डरचा जास्त. क्लिप ढिली पडली किंवा गंजली की तिथे उष्णता तयार होते, ती टोपीतून तारेपर्यंत जाते आणि टोपीतलं शिशाचं डाग (सोल्डर) सुटतं. द्राक्षबागेत हे जास्त दिसतं, आणि त्याचं कारण बागेतच आहे. भुरी रोगासाठी गंधक, डाऊनी (केवडा) रोगासाठी बोर्डो मिश्रण. वर्षभर हवेत काहीतरी तरंगत असतं. डब्याचं रबर कडक झालं असेल किंवा केबल ग्लँड (केबल डब्यात शिरते तिथलं बूच) उघडं राहिलं असेल तर पितळी क्लिपवर हिरवट-काळा थर हमखास सापडतो. तो बारीक पॉलिश पेपरने घासून काढता येतो, पण क्लिपचा ताण गेला असेल तर होल्डरच बदला. पकडीने क्लिप दाबून घट्ट केली की ती थोडे दिवस टिकते आणि मग ऐन ऑक्टोबर छाटणीनंतर, जेव्हा पान रात्री किती तास ओलं राहिलं हे कळायलाच हवं असतं, तेव्हा दगा देते.

वाळू भरलेल्या सिरॅमिक फ्यूजमध्ये आतलं दिसत नाही, तिथे मीटरच लागतो. तपासताना फ्यूज होल्डरमधून बाहेर काढा. जागेवर ठेवून तपासला तर सर्किटमधल्या दुसऱ्या वाटेने बीप वाजू शकतो आणि उडालेला फ्यूज चांगला वाटतो. कमी मिलीअँपिअरच्या चांगल्या फ्यूजचाही रोध काही ओहम असतो, तेव्हा शून्य दिसलं नाही म्हणून तो फेकू नका.

होल्डर तपासायची माझी आवडती पद्धत: केंद्र चालू ठेवा, मीटर मिलीव्होल्टवर. एक प्रोब होल्डरच्या टर्मिनलवर, दुसरा फ्यूजच्या धातूच्या टोपीवर, दोन्ही एकाच बाजूला. जवळजवळ शून्य यायला हवं. तिथे शंभर-दोनशे मिलीव्होल्ट दिसले तर फ्यूज निर्दोष आहे, क्लिप चोर आहे.

आता विचारा: कधी उडतो?

वेळ माहीत नसेल तर लॉगरमधली शेवटची नोंद बघा. ती तुम्हाला दहा-पंधरा मिनिटांच्या आत नेऊन सोडते.

*दर वेळी साधारण डेटा पाठवायच्या वेळी.* मोडेमवर संशय घ्या. जुना जीएसएम मोडेम पाठवताना ४ व्होल्टच्या आसपास क्षणिक २ अँपिअरपर्यंत ओढतो, म्हणजे सुमारे ८ वॅट. आता गंमत अशी की बॅटरीचं व्होल्टेज उतरवणारा मधला कन्व्हर्टर मोडेमला हवी तेवढी वॅट देणारच, बॅटरी कशीही असो. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर १२.६ व्होल्टला हा झटका पाऊण अँपिअरचा होतो आणि १०.५ व्होल्टला ०.९ अँपिअरचा. बॅटरी जसजशी म्हातारी होते तसा फ्यूजमधून जाणारा करंट वाढत जातो. त्यात गावात रेंज कमी झाली, तर मोडेम पूर्ण ताकदीने आणि पुन्हा पुन्हा पाठवायला लागतो. म्हणून 'तीन वर्षं काही नव्हतं, आत्ताच का' या प्रश्नाचं उत्तर बहुधा बॅटरीत असतं. मोडेम पाठवत असताना बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. एका झटक्यात व्होल्टभर खाली येत असेल तर बॅटरी बदला, फ्यूजचा प्रश्न आपोआप मिटतो.

*सकाळी ऊन चढल्यावर.* हाही बॅटरीचाच भाऊ. रात्री व्होल्टेज खाली गेलं की चार्ज कंट्रोलर लोड तोडतो, सकाळी बॅटरी भरली की परत जोडतो. जोडताना लॉगर-मोडेममधले सगळे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) एकदम भरतात आणि क्षणभर मोठा करंट येतो. एरवी हा प्रसंग वर्षातून क्वचित यायचा, आता रोज येतो. फास्ट (झटका न सोसणारा) फ्यूज असेल तर तो अशा झटक्यांनी थकून जातो. पॅनेलवरची धूळ, फवारणीचे पांढरे डाग, वर आलेली फांदी हेही तपासा; बॅटरी बिचारी उपाशी असू शकते.

*भर दुपारी, विशेषतः मार्च ते मे.* फ्यूज उष्णतेवरच चालतो, त्यामुळे डब्यातली उष्णताही तो मोजतो. बंद डबा थेट उन्हात असेल तर आत ६० अंशांच्या वर सहज जातं. फ्यूजवर छापलेला आकडा २५ अंशांच्या आसपासचा असतो. आणखी एक: युरोपीय पद्धतीचा आयईसी फ्यूज छापील करंट सतत वाहू शकतो, पण अमेरिकी यूएल पद्धतीचा ७५ टक्क्यांपर्यंतच वापरायचा असतो. बाजारात दोन्ही एकाच खोक्यात मिळतात. डब्यावर पांढरं छत्र बसवा, डबा खांबाच्या उत्तरेला वळवा, होल्डर साफ करा. फ्यूज वाढवायचा विचार त्यानंतर.

*पहाटे किंवा पाऊस पडून गेल्यावर.* पाणी. कुठेतरी केबलची साल गेली आहे. बागेत पहिला संशयित ब्रश कटर, दुसरा उंदीर. घुशी जमिनीखालची केबल चावतात, खारी वरची. केबल ग्लँडमध्ये खालून शिरते का वरून, तेही बघा. वरून शिरत असेल तर पाणी केबलवरून घरंगळत थेट आत येतं. शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, पाणी तिथूनच ठिबकून जाईल. जमिनीतल्या ओलाव्याच्या सेन्सरच्या केबलला कुणी जोड देऊन वर इन्सुलेशन टेप गुंडाळली असेल, तर दुसरीकडे बघायचीही गरज नाही.

*वारा सुटला की.* खांबाच्या कडेवर केबल घासते. केबल टायने तीन-चार ठिकाणी बांधा आणि घासलेल्या जागेवर नळीचा तुकडा चढवा.

*लावताक्षणी.* यावर जरा थांबू, कारण फ्यूज सर्वांत जास्त वाया जातात ते इथेच.

बारा व्होल्टचा बल्ब

घरच्या वायरिंगमध्ये शॉर्ट शोधायला वायरमन सिरीज बोर्ड वापरतो, तीच गोष्ट इथे १२ व्होल्टवर करायची. गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा तारेचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी डाग द्या, टोकांना मगर क्लिपा लावा. फ्यूज काढून होल्डरच्या दोन टोकांना हा बल्ब जोडा. पुढे कितीही शॉर्ट असला तरी यातून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त जाणार नाही. फ्यूज एक अँपिअरहून लहान असेल तर ५ वॅटचा बल्ब घ्या, तो ०.४ अँपिअरवर थांबवतो. एलईडी बल्ब चालत नाही, आत तार हवी.

आता सेन्सरचे सगळे प्लग काढा. काढण्याआधी टर्मिनल पट्टीचा फोटो घ्या आणि प्रत्येक वायरीला टेपचा तुकडा लावून नाव लिहा. पिवळी-हिरवी-तपकिरी आठवत राहील असं वाटतं, राहत नाही. फक्त लॉगर जोडलेला ठेवा आणि बॅटरी द्या. बल्ब क्षणभर चमकून विझला तर लॉगर ठीक, कपॅसिटर भरले एवढंच. बल्ब लख्ख पेटून राहिला तर दोष लॉगरमध्येच किंवा त्याच्या इनपुटला आहे.

लॉगर ठीक असेल तर एकेक सेन्सर लावत चला. ज्याच्या लावण्याने बल्ब उजळतो तो धरा. एक खबरदारी: काही लॉगर सेन्सरला सतत वीज देत नाहीत, नोंद घ्यायच्या वेळीच देतात. अशा ठिकाणी सेन्सर लावून लगेच 'ठीक आहे' म्हणू नका. हाताने रीडिंग घ्यायला लावा किंवा पुढच्या नोंदीपर्यंत थांबा. मोडेम पाठवताना बल्ब मंद लुकलुकला, लॉगर एखाद्या वेळी रीसेट झाला, तर घाबरू नका. बल्ब मध्ये आहे म्हणून पुढे व्होल्टेज कमी पोचतंय.

वेळ वाचवायचा तर पर्जन्यमापक आणि कपांचा वारामापक शेवटी ठेवा. यातल्या बहुतेकांत नुसता रीड स्विच (चुंबकाने उघड-बंद होणारा) असतो, त्यांना वीज लागतच नाही. त्यांनी फ्यूज उडवल्याचं सहसा घडत नाही. तापमान-आर्द्रता, ओलावा आणि लीफ वेटनेस आधी बघा.

एक सेन्सर सापडला की लगेच त्याला दोषी ठरवू नका. केबल सेन्सरच्या तोंडाशी सोडवून परत बल्ब लावा. तरी पेटतोय तर केबल गेली, सेन्सर वाचला. पैशाच्या हिशेबात हा फरक मोठा आहे.

वीज पडून गेल्यानंतरचा शॉर्ट

वळवाच्या पावसानंतर केंद्र बंद, फ्यूज काळा, आणि नवा लावताच तोही काळा. अशा वेळी लॉगरच्या वीजइनपुटवरचा टीव्हीएस डायोड गेलेला असण्याची शक्यता फार. जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेणं हे त्याचं काम. ते झेपलं नाही की तो बहुधा शॉर्ट होऊन मरतो. त्याने आपलं काम केलेलं असतं, पण आता तोच प्लस आणि मायनस एकत्र बांधून बसलेला असतो.

बॅटरी सोडवा, मीटर डायोडवर ठेवा, इनपुटच्या प्लस-मायनसवर दोन्ही बाजूंनी लावून बघा. दोन्हीकडून शून्याच्या आसपास येत असेल तर शॉर्ट पक्का. बॅटरी उलटी जोडली गेल्यावर उडालेल्या फ्यूजमागेही हाच डायोड असतो. त्या वेळी तो फ्यूज उडवून बोर्ड वाचवतो आणि नशीब चांगलं असेल तर स्वतःही वाचतो. म्हणून बॅटरी उलटी लागल्याचं लपवू नका, दुरुस्तीवाल्याला सांगा. त्याचे दोन तास वाचतात.

टीव्हीएस काढून टाकल्यावर केंद्र चालू होतं. काहीजण तसंच चालवतात. पुढच्या विजेला मग लॉगर जातो. त्याच नंबरचा डायोड बसवा, शेजारचा चालेल म्हणून बसवू नका, आणि त्याच फेरीत अर्थिंगही बघा. खांबाची पट्टी, लॉगरची अर्थ आणि अँटेनाचा अरेस्टर (वीज जमिनीत सोडणारा भाग) एकाच रॉडला यायला हवेत. मे महिन्यात रॉडभोवतीची माती हाताने भुगा होत असेल तर ते अर्थिंग कागदावरच आहे.

मग फ्यूज कुठला घ्यायचा

टोपीवर कोरलेलं वाचा. 'टी' म्हणजे स्लो ब्लो, क्षणिक झटका सहन करणारा. 'एफ' म्हणजे फास्ट. 'एल' काचेचा, कमी करंट तोडू शकणारा. 'एच' सिरॅमिक, मोठा करंट तोडणारा. जुन्यावर टी होता आणि दुकानदाराने एफ दिला, तर आकडा तोच असूनही मोडेमच्या पहिल्या-दुसऱ्या झटक्याला तो जाईल. असं फार होतं, कारण काउंटरवर आपण फक्त 'एक अँपिअरचा काचेचा द्या' म्हणतो. लांबीही सांगा: २० मिलिमीटरचा वेगळा, ३२ चा वेगळा.

बॅटरीजवळच्या मुख्य फ्यूजसाठी गाडीचा ब्लेड फ्यूज चांगला. साधारण १००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडायची त्याची तयारी असते, आणि ऑटो पार्ट्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो. फक्त रंग नीट बघा. २ अँपिअर करडा, ३ जांभळा, ५ फिकट तपकिरी, साडेसात गडद तपकिरी. शेवटचे दोन धुळीत सारखेच दिसतात. गॅरेजजवळच्या दुकानात १०, १५, २० भरपूर असतात आणि २ चा नसतो. मग लाल किंवा निळा घरी येतो. तो बसतो बरोबर, पण लॉगरचं रक्षण मात्र करत नाही.

आता ते तारेचं. मल्टिस्ट्रँड वायरीतला ०.२ मिलिमीटरचा एक धागा वितळायला साधारण ७ अँपिअर लागतात. तुमच्या सेन्सरचा फ्यूज ५०० मिलीअँपिअरचा होता. म्हणजे चौदा पट करंट वाहीपर्यंत ती तार शांत बसणार आणि तोवर सेन्सरची बारीक केबल, बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅक, पाठोपाठ डबा असं एकेक जळत जाणार. बोर्डवरचा ट्रॅक फ्यूजसारखा बदलता येत नाही. सिगारेटच्या चांदीबद्दल तर बोलतच नाही.

काही नव्या बोर्डांवर सेन्सरच्या लाइनला आपोआप पूर्ववत होणारा पॉलिफ्यूज असतो, पिवळा किंवा हिरवा चपटा तुकडा. तो उडत नाही, गरम होऊन वाट अडवतो. वीज बंद करून पाच-दहा मिनिटं थांबलात की परत चालू. दुपारी बंद आणि संध्याकाळी आपोआप सुरू होणारा सेन्सर दिसला तर यालाच आठवा. मीटरवर तो निर्दोषच दिसतो.

मीटरवरून आठवलं: करंट मोजायला लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला. मिलीअँपिअरच्या भोकातून मोडेमचा करंट मोजला की मीटरच्या आतला फ्यूज जातो, आणि मग उरलेला सगळा दिवस 'करंट येतच नाही' असं निदान होत राहतं.

केंद्र चालू झाल्यावर

घड्याळ तपासल्याशिवाय डबा बंद करू नका. लॉगरच्या घड्याळाचा बटन सेल संपला असेल तर वीज गेलेल्या काळात तारीख मागे जाते आणि नव्या नोंदी भलत्याच दिवसाखाली जमा होतात. लीफ वेटनेसचे रात्रीचे तास दुपारी दिसायला लागले तर डाऊनीचा अंदाज कुठल्या कुठे जातो.

बंद असलेल्या काळातला पाऊसही बघा. काही सॉफ्टवेअर नोंद नसलेल्या दिवशी शून्य भरतं. त्या दिवशी शेजारच्या बागेत २५ मिलिमीटर पडला असेल आणि तुमच्याकडे शून्य असेल तर तो दिवस 'नोंद नाही' असा करून घ्या.

आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा: फ्यूजचा पूर्ण नंबर, बदलल्याची तारीख, उडाल्याची वेळ, काच काळी की स्वच्छ. शेजारी दोन जादा फ्यूज झिपच्या पिशवीत, सिलिका जेलसकट, चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारणार आहे.